घरात काही संपत नसतं

"हळू ओत गं. नायतर खालचा पुन्हा पाटी लावंल," समोरच्या गॅलरीतून मथुराबाई म्हणाल्या.

इंदुबाईंनी हात आखडला. पातेल्यात तांदूळ धुतलेलं पाणी होतं आणि ते त्या वाटीवाटीने झाडांना पाजत होत्या. परवाच जिन्याखालच्या फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं होतं, 'पहिल्या मजल्यावरून पाणी ठिबकते. खाली माणसे राहतात, कुंड्या नाहीत.' इंदुबाईंनी ते स्वतः वाचलं नव्हतं. त्यांना दाराबाहेर पडायची मुभाच नव्हती. मथुराबाईंनी ते पाठ करून म्हणून दाखवलं होतं आणि वर "लई शिकलेली मान्सं हायेत" अशी पुस्ती जोडली होती.

कोथरूडची ही सोसायटी उभी राहिली ती मथुराबाईंच्या सासऱ्यांच्या वांग्याच्या वावरावर. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने दोन फ्लॅट दिले, त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली होती. पण मथुराबाई अजून पार्किंगमधून चालताना सांगायच्या, हितं बांध होता, हितं मोट होती. त्यांची गॅलरी आणि इंदुबाईंची गॅलरी समोरासमोर, मध्ये सात-आठ फुटांची फट. इंदुबाईंच्या दारावर महापालिकेचा कागद लागला त्या दिवशी मथुराबाईंनी माळ्यावरून आंबे उतरवायचा झेला काढला. लांब काठी, टोकाला जाळी. त्या जाळीतून रोज सकाळी दुधाची पिशवी इकडे यायची.

"आज काय आणायचंय का? अकरापर्यंतच दुकानं उघडी हायेत."

"काही नको. सगळं आहे."

"तुझं रोजचंच सगळं हाय," मथुराबाई म्हणाल्या आणि झेला आत घेऊन गेल्या.

नऊ दिवसांपूर्वी इंदुबाई आणि त्यांचे यजमान वैजनाथराव, दोघांचाही कोरोनाचा रिपोर्ट एकदमच आला होता. इंदुबाईंना नुसती कणकण होती. वैजनाथरावांना तिसऱ्या रात्री धाप लागली आणि सकाळी रुग्णवाहिका आली. ते आपल्या पायांनी जिना उतरून गेले. वाशिमकडून चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात आलेला, कंपनीत उभा जन्म पंप जोडण्यात घालवलेला माणूस. कुणाचा हात धरून चालायची सवय नव्हती. खाली रुग्णवाहिकेतल्या माणसाने, त्या पांढऱ्या झग्यातल्या, हात वर करून इंदुबाईंना थांबवलं. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवरच राहिल्या. मुलगा तेजस खराडीला, तोही पॉझिटिव्ह, स्वतःच्याच घरात एका खोलीत कोंडलेला. बायको दाराबाहेर ताट ठेवायची.

तेव्हापासून इंदुबाईंचं ऐकणं बदललं होतं. पौड रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की त्या हातातलं काम तसंच ठेवून उभ्या राहायच्या. आवाज लांब जाईपर्यंत ओठांवर नाव असायचं. एका रुग्णवाहिकेचा आवाज विरतो न विरतो तोच दुसरीचा यायचा. पहाटेची पूजा, तुळशीला एक तांब्या, संध्याकाळी एक माळ, हे त्यांचं लग्न झाल्यापासूनचं होतं. आता माळ ओढताना मध्येच मणी चुकायचा आणि त्या पुन्हा मेरुमण्यापासून सुरू करायच्या. कधी कधी तीन-तीनदा.

झाडं मात्र वेळेवर पाणी प्यायची. ढोकळ्याच्या ताटलीत मेथी, फुटक्या बादलीत कोथिंबीर, झाकण हरवलेल्या कुकरात पुदिना, रंगाच्या डब्यात मिरची. बी विकत आणलेलं नव्हतं. मेथ्या डब्यातल्या, धणे फडताळातले, मिरचीचं बी वाळल्या मिरचीतलं. माती पहिल्या लॉकडाउनमध्ये मथुराबाईंनीच झेल्यातून धाडली होती. पहिल्या वेळी हा सगळा गमतीचा भाग होता. वैजनाथराव बाटलीच्या बुडाला सुईने भोक पाडायचे, ठिबक सिंचन करायचे आणि म्हणायचे, "तुझी शेती बघायला लोक येतील, तिकीट लाव."

आता तीच मेथी चिमूट चिमूट खुडून भाजीला येत होती. डाळीचं पाणी वेगळं, भाताची पेज वेगळी, काही वाया जात नव्हतं. मागायचं म्हणजे कुणाला तरी दुकानाच्या रांगेत उभं करायचं, आणि त्या रांगेत आपल्यापायी कुणाला काही झालं तर? या विचारानेच इंदुबाई काही मागत नसत. वैजनाथरावांना नेल्याच्या तिसऱ्या दिवशी मिठाची बरणी पाहिली तर मीठ वाढलेलं.

वाढलेलं, म्हणजे संपलेलं. इंदुबाईंच्या सासूबाईंची ती शिकवण होती. घरात काही संपत नसतं गं, त्या सांगायच्या, नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, बांगडी पिचली तर वाढली म्हणावं. पुष्कळ घरांत एवढंच चालतं. सासूबाईंनी ते मीठ-तेल-तांदळापर्यंत नेलं होतं. नव्या नवरीने एकदा "तेल संपलं" म्हटलं तर सासूबाईंनी तिला देवासमोर नाक घासायला लावलं. चाळीस वर्षांत तो शब्द इंदुबाईंच्या तोंडून पुन्हा निघाला नव्हता. तर मीठ वाढलं, आणि मागायचं तर नव्हतं. मग त्यांनी देवासमोर बसून अळणीचं व्रत धरलं. हे घरी येईपर्यंत मीठ नाही. गरज आणि व्रत एकाच ताटात बसलं. देवाला ते कळलं असणार, पण तो काही बोलला नाही.

वॉर्डातून रोज अकराच्या सुमारास फोन यायचा. पायल नावाची एक मुलगी बोलायची, सिस्टर की कोण, ते इंदुबाईंनी विचारलं नव्हतं. तिचा आवाज मास्कच्या आतून येई. "आजी, आजोबा ठीक आहेत, चहा घेतला," एवढंच ती सांगे. तेवढ्यावर इंदुबाईंचा दिवस उभा राहायचा.

त्या बुधवारी फोन साडेबाराला आला. मागे कुणीतरी जोरात बोलत होतं, काहीतरी धातूचं खडखडत होतं.

"आजी, आजोबांचा ऑक्सिजन वाढ... लाय. सरांनी सांगितलं की..."

फोन कटला.

इंदुबाईंनी तो कानाला तसाच धरून ठेवला. मग समोर धरला. मग पुन्हा कानाला. त्या नंबरवर उलटा फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

ऑक्सिजन वाढला.

पेपरात रोज तेच येत होतं. या गावात वाढला, त्या गावात वाढला. पेपरवाले संपला असं लिहायचे, कारण त्यांना कुणी सासूबाई नव्हत्या. पायल चांगल्या घरची मुलगी दिसत होती. म्हाताऱ्या बाईला तोंडावर तसं सांगवलं नसेल तिला.

इंदुबाई रडल्या नाहीत. कुणाला फोनही केला नाही. तेजसला सांगितलं तर ते खरं होईल, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं. त्या उठल्या आणि भर दुपारी, जे त्या कधीच करत नसत, झाडांना पाणी घालू लागल्या. एक तांब्या, दुसरा तांब्या. पाणी ताटलीतून ओसंडून फरशीवर आलं, कठड्यावरून खाली ठिबकू लागलं. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या वर सरकवून त्यांनी पदराच्या टोकाने मनगट घट्ट गुंडाळून टाकलं. जसं काही कुणी हात ओढायला येणार होतं.

"इंदुबाई. अगं ए. पूर आणतीस का?"

मथुराबाई समोर उभ्या होत्या. हातात वाळवणाचं सूप.

इंदुबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "ह्यांचा ऑक्सिजन वाढला."

"मग बरं झालं की."

इंदुबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. या बाईने दोन दीर आणि नवरा पोचवला होता, जीभ फटकळ होती, पण इतकी दगड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बरं कसं, मथुराबाई? घरातलं मीठ वाढलं तसा वाढला म्हणते ती मुलगी. आता श्वास कशावर घ्यायचा त्यांनी?"

मथुराबाईंनी सूप कठड्यावर टेकवलं. कपाळाला आठी घातली, मग ती आठी सावकाश सुटली.

"बया. तुझ्यात मीठ वाढतं तसं वाढलं म्हंतीस व्हय? अगं, ती पोरगी शहरातली. तिच्यात वाढला म्हंजी वाढला. ती तुझी मेथी वाढली तसा. जास्त झाला. कमी हुता, आता जास्त हाय."

इंदुबाईंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्या ओल्या फरशीवरच बसल्या. पदराआडून बांगड्यांचा हात सोडवून त्यांनी तोंडावर धरला.

"हसतीस का रडतीस, एक काय ते कर," मथुराबाई म्हणाल्या. "आन् मिठाचं काय ते? तुझ्यात मीठ नाय?"

"अळणीचं व्रत आहे माझं."

"मीठ वाढल्यावर धरलंस का आधी?"

इंदुबाई भिजलेला पदर पिळू लागल्या.

"वाटलंच. देव बी बिचारा काय करल, बायकांनी त्याच्याच नावावर वाणसामान भागवायचं ठरवल्यावर," असं म्हणून त्या आत गेल्या. थोड्या वेळाने झेला आला, त्यात मिठाची पुडी. इंदुबाईंनी ती उघडली नाही, देवाजवळ ठेवली. पण त्या संध्याकाळची माळ एकदाही चुकली नाही.

दिवेलागणीनंतर तेजसचा फोन आला. त्याचा स्वतःचाच आवाज खोकून खोकून बसला होता.

"आई, तुला वॉर्डातून फोन आला होता का?"

"आला होता ना. ऑक्सिजन वाढला म्हणे त्यांचा. देवानेच..."

"आई, वाढला नाही गं. वाढवला. वाढवावा लागला. आधी पाचवर होते, आता पंधरावर आहेत. डॉक्टरांचा मला फोन आला होता."

"म्हणजे जास्तच ना?"

"मशीन जास्त देतंय, आई. बाबांना स्वतःला कमी पडतंय म्हणून."

एकाच शब्दाचे एका दिवसात तीन अर्थ झाले, आणि इंदुबाईंना वाटलं, सासूबाईंचाच खरा होता की काय. त्यांनी तो विचार जिभेपर्यंत येऊ दिला नाही. "बरं," एवढं म्हणाल्या. "तू वाफ घेतोस ना? घे."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, संकष्टी चतुर्थी. एकतीस वर्षांत इंदुबाईंनी एकही संकष्टी मोडली नव्हती. तेजस पोटात असताना धरलेली. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आज चंद्रोदय रात्री दहाच्या सुमाराला होता.

अकराला पायलचा फोन आला. आज मागे खडखड नव्हती आणि त्या शांततेचीच इंदुबाईंना भीती वाटली.

"आजी, तुमच्याकडे व्हिडिओचा फोन आहे का? आजोबांशी बोलता येईल. मला आत्ता पाच मिनिटं आहेत."

इंदुबाईंच्या फोनला नुसती बटणं होती. त्यांनी गॅलरीत धाव घेतली आणि व्हिडिओचा फोन मागितला. मथुराबाईंनी काही विचारलं नाही. सुनेचा फोन पिशवीत घातला, पिशवी झेल्यात, आणि काठी पुढे केली. मथुराबाईंनी ओरडून सांगितलेला त्या फोनचा नंबर इंदुबाईंनी पायलला दिला.

काचेवर आधी छत दिसलं, मग एक पंखा, मग वैजनाथराव. तोंडावर मोठा मास्क, वर बांधलेले पट्टे. दाढी वाढलेली. डोळे तेवढे त्यांचे होते.

"ते बोलू शकत नाहीत, आजी. पण ऐकू येतंय. तुम्ही बोला."

काय बोलायचं? नवऱ्याशी चाळीस वर्षं बोलल्या त्या कामाचंच. "अहो," इंदुबाई म्हणाल्या, "तेजस बरा आहे. ताप उतरलाय त्याचा. मिरचीला फूल आलंय, दोन आलीत. तुमच्या बाटलीचं भोक बुजलं होतं, मी सुईने मोकळं केलं." त्यांनी फोन आणखी जवळ धरला. "मी बरी आहे," त्या म्हणाल्या. "माझी काही काळजी करू नका."

वैजनाथरावांनी हात उचलला. त्याला नळी लावलेली होती, पायलने ती सावरली. पाची बोटं एकत्र करून त्यांनी मास्कपाशी नेली आणि मग बोट समोर, इंदुबाईंकडे केलं. भुवया किंचित वर.

जेवलीस?

कंपनीतून आल्यावर चपला काढता काढता ते हेच विचारायचे. रोज.

"हो," इंदुबाई म्हणाल्या. "जेवले मी."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. हात खाली गेला. पायल म्हणाली, "आजी, ठेवते आता, दुसरे पेशंट आहेत." काच काळी झाली.

इंदुबाईंनी फोन पुसला, पिशवीत घातला, झेल्यात ठेवला. मथुराबाईंनी काठी ओढून घेतली आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघरात चूल थंड होती. उपासाच्या दिवशी इंदुबाई संध्याकाळीच नैवेद्यापुरतं करायच्या. त्या काही वेळ ओट्याला टेकून राहिल्या. जन्मात त्या ह्यांच्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. साडी किती रुपयांची हेसुद्धा खरं सांगायच्या. आणि आज, मास्कच्या आतून विचारणाऱ्या माणसाला...

त्यांनी मूठभर तांदूळ धुतले. गॅलरीतून मेथी खुडून आणली, परतली. ताट घेतलं, पाट मांडला. देव्हाऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "एवढं पोटात घाल रे बाबा." बाहेर दुपारचं रणरणतं ऊन होतं, चंद्राला दहा तास अवकाश होता. पहिला घास उतरेना, पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. ताटात शीतही न ठेवता त्या सगळं जेवल्या.

सहा वाजता तेजसचा फोन आला. "आई," म्हणाला आणि पुढे नुसताच श्वास ऐकू येत राहिला. इंदुबाई भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर पुसत होतं.

"मला येता येत नाहीये गं," शेवटी तो म्हणाला. "तिकडे कुणालाच जाऊ देत नाहीयेत. शेवटचं सगळं महापालिकेची माणसंच करतात." मग नाक ओढून म्हणाला, "तू काही खाल्लंयस का? आज संकष्टी तुझी. उपाशी असशील."

"नाही रे," इंदुबाई म्हणाल्या. "जेवले मी दुपारीच. ह्यांनी विचारलं होतं."