तेविसावं नाव

"ती वही मिटव आणि पेटीत परत ठेव," वेन्डेल म्हणाला. "स्मृतिदिन शनिवारवर आलाय. आता नवं काही उकरू नकोस."

डेल्फाने वही मिटली नाही. खाणींच्या त्या डोंगराळ गावात जुन्या रेल्वे स्टेशनाचंच संग्रहालय केलं होतं. आत्ता तिथे दोघं भाऊबहीणच होती. वेन्डेल समितीचा अध्यक्ष. डेल्फा तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. इथली झाडलोट, किल्ल्या, सगळं तिच्याकडे. सकाळी कुणीतरी घरचा माळा आवरून एक पेटी आणून टाकली होती. तिच्यात ही वही निघाली. १९३८ सालची, खाणीतल्या स्फोटक वायूच्या तपासणीची. त्यांच्या आजोबांच्या, इमरी रॅटलिफच्या हातची.

"खाणीत स्फोट झाला त्या दिवशी पहाटे लिहिलंय, वेन्डेल. 'तिसऱ्या बोगद्यात वायू. साहेबांना सांगितलं. काम चालू ठेवा म्हणाले.' खाली सही."

"मला वाचता येतं."

"आणि चौकशीत आजोबांनी शपथेवर सांगितलं की वायू नव्हताच. आर्विल सायझमोरने आत काडी ओढली म्हणून स्फोट झाला."

भिंतीवरच्या पितळी पाटीवर तेच कोरलं होतं. माणसं मेली तेवीस, पण दरवर्षी नावं वाचली जात बावीसच.

"साहेबांनी धमकावलं असेल. आजोबांच्या घरात सहा पोरं होती." वेन्डेलचा आवाज चढला. "गाव अजून आजोबांचं नाव काढतं. तू आपल्याच हाताने त्याला काळं फासणार?"

"ओलेटामावशी जिवंत आहेत अजून."

"मग त्या गेल्यावर कर काय करायचं ते!"

डेल्फाने वही कोटाच्या आत घातली. वेन्डेल दारात आडवा उभा राहिला.

"सरक."

तो सरकला, पण तिच्याकडे न बघता.

ओलेटा आर्विलची मुलगी. सत्त्याऐंशी वर्षांची, रस्त्यापलीकडेच राहायची, पण संग्रहालयाची पायरी ती कधी चढली नव्हती. ओसरीवर बसून ती शेंगांच्या शिरा काढत होती. डेल्फाने उभ्याउभ्याच नोंद वाचली.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचली. ओलेटाचे हात शेंगांवर तसेच राहिले.

"चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसायचं नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, जागा आमच्यासाठी राखलीय."

"मावशी, मी..."

"तू काय केलंस? तू जन्मलीही नव्हतीस." तिने मान वर केली. "तुझे आजोबा झोपायचे का गं?"

"नाही. बूट घालून बाहेर बसून राहायचे. आजी हाका मारायची, ते उठायचे नाहीत."

ओलेटाने शेंगा बाजूला सारल्या.

"शनिवारी किती वाजता असतं ते?"

शनिवारी स्टेशनासमोर साठेक माणसं जमली. डेल्फा एकेक नाव वाचत होती, वेन्डेल प्रत्येक नावाला घंटेचा दोर ओढत होता. बाविसावं झालं.

"तिसऱ्या बोगद्यात वायू होता," डेल्फा म्हणाली. "माझ्या आजोबांनी तसं लिहून ठेवलं आणि शपथेवर नाकारलं. पाटी खोटी आहे. तेविसावं नाव, आर्विल सायझमोर."

"लाज नाही वाटत?" मागून कुणीतरी ओरडलं. एक कुटुंब पाठ फिरवून चालतं झालं. वेन्डेलने दोर घट्ट धरला होता, पण ओढला नाही. कुणी हलेना.

तेवढ्यात ओलेटा काठी टेकत पुढे आली. लोक बाजूला झाले. तिने काठी वेन्डेलपुढे धरली. काठी घ्यायला त्याला दोर सोडावा लागला.

तिने दोर ओढला. घंटा हललीसुद्धा नाही. तिने दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून पुन्हा ओढला.

एकच टोला पडला, तोही बारीक. वेन्डेल खाली मान घालून उभा होता. तिची काठी त्याने दोन्ही हातांनी सांभाळून धरली होती.