तानीबाईच्या नावावर

तानीबाई मेली त्याला तेरा वर्षं झाली होती, आणि निपाणीच्या विडी कारखान्यात ती रोज हजार विड्या वळत होती.

यात भुताखेताचं काही नव्हतं. कारखान्याचं कार्ड तानीबाईच्या नावावर होतं आणि विड्या वळत होती तिची सून पारूबाई. म्हातारी गेली तेव्हा कार्ड परत करायला हवं होतं, पण असला शहाणपणा निपाणीत कुणी करत नसे. नव्या कार्डासाठी कारखान्याचे उंबरे झिजवण्यापेक्षा मेलेल्या बाईचं कार्ड बरं. म्हातारीचे दिवस झाले आणि पारू तिचं सूप मांडीवर घेऊन तिच्याच जागेवर जाऊन बसली. जिनाप्पा मुन्शीने "तानीबाई" असं पुकारलं, पारू "व्हय" म्हणाली. झालं. एवढ्यात एक बाई संपली आणि दुसरी चालू राहिली.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं लोक म्हणतात. पारूचं तर नावही उसनं.

तिला त्याचं फार काही वाटत नसे. वाटायचं ते घरी आल्यावर. नवरा मष्णू सासूच्याही आधी गेलेला. तो होता तेव्हाही "अगं ए" म्हणायचा. शेजारची यल्लव्वा तिला आक्का म्हणे, लेक मनू आये म्हणे. नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे सासू. "पारे, पानं भिजवलीस का गं? पारे, सुपात बघ, तंबाखू सांडतीया." म्हातारी खाष्ट होती, तोंडाने तर कैदाशीण. पण ती गेली आणि पारूचं नाव घराबाहेर गेलं ते परत आलं नाही. पुढे मनूही सासरी गेली. एका माणसाची भाकरी थापायला किती वेळ लागतो? भाकरी व्हायची, खाऊन व्हायची, आणि मग घर नुसतं खायला उठायचं.

मनूला सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या पुढे दिली होती. तीन वर्षांमागं ती आईला न्यायला आली होती. "एकटी कशाला मरतीस हितं? चल माझ्याकडं," म्हणाली. पारू म्हणाली, "कार्ड सोडून कशी येऊ गं? आज सोडलं की उद्या दुसरीचं." लेकीला ते लागलं. "मग ऱ्हा कार्डासंगट," म्हणून फणकाऱ्याने गेली, ती पुन्हा पंचमीलाही आली नाही. पारूचंच चुकलं होतं, आणि हे तिला एस.टी. हलल्याबरोबर कळलं होतं. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत पारूच्या खोकल्यातून रक्त पडलं. तंबाखूच्या भुकटीत जन्म घालवलेल्या बायकांना या रक्ताची ओळख होती. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, टीबी आहे, बेळगावला भरती व्हायला लागेल. विडी कामगाराचं फोटोचं ओळखपत्र असेल तर खाट फुकट, औषध फुकट.

पारू जिनाप्पाकडे गेली. "आण्णा, माझ्या नावाचं करून द्या की वळखपत्र. पारूबाई मष्णू म्हणून."

जिनाप्पाने चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "पारूबाई म्हणालीस तर तू काल आलेली बाई. नवीला वळखपत्र कधी मिळायचं देवाला ठावं. तवर छाती दम धरंल तुझी? आणि दुसरं सांगतो. ह्या कारखान्यात चाळीस मेलेल्या बायका विड्या वळत्यात. एकीचं भांडं फुटलं की सगळ्याजणींची कार्डं जात्यात. बघ बाई, तूच ठरव."

पारूने सुपावर वाकलेल्या बायकांकडे पाहिलं आणि ठरवलं.

फोटो काढायला आलेल्या साहेबाने कागदावरचं वय वाचलं, चौऱ्याहत्तर. मग समोर पाहिलं. "केस काळे कसे काय?" जिनाप्पा घाईघाईने म्हणाला, "कष्टाचं माणूस हाय साहेब, टिकतं." साहेब हसला, पन्नाशीही न गाठलेल्या पारूचा फोटो निघाला, आणि खाली लिहिलं गेलं : तानीबाई.

निघताना पारूने यल्लव्वाचा हात धरला. "मनीला तेवढा निरोप धाड. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात हाय म्हणावं. भांडान इसर, ये म्हणावं."

"धाडते की आक्का. तू जा बिनघोर."

कुठल्या नावाने विचारायचं ते पारूने सांगितलं नाही आणि यल्लव्वाने विचारलं नाही. तेरा वर्षं जे सगळ्यांना ठाऊक, ते बोलून कोण दाखवतं?

दवाखान्यात खाट मिळाली. गोळ्या, सुया, वेळेवर दूध. ताप उतरला, रक्त थांबलं. पण चार वाजता भेटीची माणसं आत सोडत, तेव्हा पारूचा जीव कासावीस व्हायचा. शेजारच्या खाटेवरच्या कानडी बाईकडे सुना, नातवंडं, डबे, सगळी जत्रा लोटायची. पारू दाराकडे पाहत राही. सहाला घंटा झाली की भिंतीकडे तोंड करून निजे. यल्लव्वाने निरोप धाडला नसेल. नाहीतर धाडला असेल आणि लेकीनेच ऐकला नसेल. हे दुसरं जास्त खरं वाटायचं आणि जास्त टोचायचं.

पंधरा-सोळा दिवसांनी फरशी पुसता पुसता आया म्हणाली, "काय सांगू तानीबाई, माणसाचं नशीब. तीन दिसांमागं एक पोरगी आलती कागलाकडची. आईला हुडकत. पारूबाई, पारूबाई म्हणून दोन दिवस हिंडली. रजिस्टरात नावच न्हाय! गेल्या आठवड्यात एक बेवारशी बाई गेलती बघा, तिच्याच आईच्या वयाची. तीच आसंल म्हणून पायरीवर बसून अशी रडली, अशी रडली! मग कोल्हापूरच्या गाडीत बसून गेली."

पारू उठून बसली. आया बादली घेऊन गेल्यावर ती भिंत धरत धरत खाली रजिस्टरच्या खिडकीशी गेली.

"साहेब, पारूबाई म्हणून कोन इचारायला आलतं?"

कारकुनाने तिच्या हातातलं ओळखपत्र उलटंपालटं केलं. "तुम्ही तानीबाई ना? मग ही पारूबाई कोण?"

आता बोलावं, सगळं सांगून टाकावं, असं ओठावर आलं. खाट जाईल, जाऊ दे. पण मागोमाग त्या चाळीसजणी आल्या, मांडीवर सूप घेतलेल्या.

"हाय एक," पारू म्हणाली. "आमच्या गल्लीतली."

जिना चढताना तिने तीनदा बसून घेतलं. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवसांचं. म्हणजे आज मनूचं सुतक फिटणार. आज ती डोक्यावरून पाणी घेणार आणि उद्यापासून रोजच्या कामाला लागणार.

दुपारी वॉर्डातली सिस्टर इंजेक्शन द्यायला आली. पारूने तिच्याकडून पोस्टकार्ड लिहून मागितलं. सिस्टर खाटेच्या कडेला टेकली. पत्ता झाला, आणि पारू सांगू लागली.

"मनू, मी जिती हाय. सुतक धरलं आसशील तर सोड. परत आलीस तर हितं तुझ्या आजीचं नाव सांग, म्हंजे मी घावंन."

सिस्टरचा हात थांबला. तिने खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदाकडे पाहिलं, मग पारूच्या काळ्या केसांकडे पाहिलं. ती ओळ तिने सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिली.

"खाली नाव काय घालू, बाई?"

पारूने दाराकडे पाहिलं. बाहेर भेटीची माणसं जमायला लागली होती.

"नाव नगं," ती म्हणाली. "तुझी आई, म्हणून लिवा. तेवढंच माझं हाय."