निळं होण्यापुरतं पाणी

१९७२ साली मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. रुग्णाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, पापुद्र्यासारखा पातळ कापायचा आणि काचेवर घेऊन रंगवायचा, हे माझं काम. बोटं कायम जांभळी. सासूबाई म्हणायच्या, "सून पारखून आणली होती हो, बोटं मात्र नंतर बदलली."

बाहेरचं पाणी म्हणजे विष, ही त्यांची पक्की समजूत. विहिरीचं पाणी गाळून रोज एक भली मोठी बाटली माझ्या पिशवीत कोंबायच्या. मी नाक मुरडायची आणि न्यायची.

त्यांच्याच मानेत गाठ आली. ती काढली आणि तुकडा आमच्याकडे आला. गाठ साधी निघाली तर त्या घरी, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोठं ऑपरेशन. संध्याकाळच्या आत निकाल द्यायचा होता.

आमच्या वरिष्ठांना सगळे रंगारीकाका म्हणत. त्यांनी मला बाजूला सारलं. "घरच्या माणसाची काच आपण रंगवायची नाही. हात हलतो. तू नुसती उभी राहा."

पहिला रंग चढला. तो आधी लालसर दिसतो. नळाखाली धुतला की निळा होतो आणि मगच पेशी नीट ओळखू येतात. काकांनी नळ सोडला. नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला.

"बरणीतलं शुद्ध पाणी आहे ना?" मी विचारलं.

"ते फार सोवळं गं. त्याने रंग हलत नाही. क्षाराचं पाणी हवं."

मला पिशवी आठवली. इस्पितळात येण्याआधी सासूबाई माझ्यासाठी बाटल्या भरून ठेवून आल्या होत्या. "काका, विहिरीचं चालेल? आमच्या पाण्याला साबणाचा फेससुद्धा येत नाही."

"चालेल काय, धावेल! आण."

पाणी मीच ओतलं. निम्मं टेबलावर सांडलं. पण लालसर ठिपका बघता बघता निळा झाला. मग काकांनी त्यावर गुलाबी रंग चढवला.

काचा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेपर्यंत माझा जीव टांगणीला. "साधी आहे गं गाठ," त्या म्हणाल्या. "उद्या घेऊन जा सासूला."

मी धावत वॉर्डात गेले आणि सगळं सांगितलं. गाठ राहिली बाजूला. सासूबाई उठून बसल्या. "म्हणजे दिवसभर तू पाणी प्यायलीच नाहीस?"

निवृत्तीनंतर काका घराच्या खिडक्या रंगवत बसायचे, एकही छटा मनासारखी यायची नाही. डॉक्टरीणबाई लेकीकडे परदेशी गेल्या, तिथेच वारल्या. सासूबाई पतवंड मांडीवर घेऊन मग गेल्या. विहीर बुजली.

आता सुनेच्या पिशवीत बाटली मी घालते. ती नाक मुरडते आणि नेते.