मास्तरचा कोड

तिने चष्मा वर सरकवला आणि कोड पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला. नावं स्वच्छ होती, शेरे नेटके होते, आणि बाळाच्या वजनाची चौकट कुणी रिकामी सोडली तर काय करायचं तेसुद्धा लिहिलेलं होतं. मास्तरचा कोड असा कधीच नसायचा. तो एकेका अक्षराची नावं द्यायचा आणि ती रिकामी चौकट दर वेळी विसरायचा. मग ती शेरा मारायची, "हा 'क' कोण? तुझा मेव्हणा?"

मास्तर म्हणजे तिचा नवरा. कुणी एक प्रश्न विचारला की तीन उत्तरं द्यायची त्याला खोड होती, म्हणून प्रोजेक्टमधली झाडून सगळी माणसं त्याला मास्तर म्हणत. हा प्रोग्राम दोघांनी लग्नाआधीपासून मिळून लिहिला होता. तान्ह्या बाळांना सलाइन आणि औषधं किती वेगाने द्यायची याचा हिशेब तो करायचा. प्रोग्राम फुकट होता आणि कोड सगळ्यांना खुला होता. महागडी यंत्रं न परवडणाऱ्या दवाखान्यांतल्या नर्स त्याच्या भरवशावर काम करत. म्हणून नियम कडक होते. कुठल्याही बदलावर दुसऱ्या कुणाची तरी सही हवी, पाठवणाऱ्याला आपला कोड स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता आला पाहिजे आणि एआयकडून लिहून घेतलेला कोड चालणार नाही. यातला शेवटचा नियम मास्तरचा. त्यावरून मोठं रणकंदन माजलं होतं. "दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर खुशाल प्या," त्याने सगळ्यांना सुनावलं होतं, "पण तान्ह्या बाळांना पाजू नका." ते वाचून ती हसली होती.

घरात मात्र कोडबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरलं होतं. एकदा भांडणाच्या भरात गॅसवरचं दूध उतू जाऊन भांडं करपलं, तेव्हापासून दोघं आपापल्या खोलीत बसून प्रोजेक्टच्या जाहीर पानावरच भांडत आणि जग ते मिटक्या मारत वाचे.

मग गेल्या हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. हात सावरला, चालणं सावरलं. शब्द मात्र हुडकावे लागत आणि आकडे हातातून निसटत. महिनोन्‌महिने तो खोलीत दार लोटून बसायचा आणि जाहीर पानावर त्याचं नाव दिसायचं नाही. आज सकाळी ते एका नव्या बदलाखाली दिसलं, सहीसाठी त्याने तिचंच नाव घातलं होतं, आणि तिच्या जिवात जीव आला. चहा करताना ती चक्क गुणगुणली होती.

आता चहा गार झाला होता. एका ओळीवर तिची नजर अडकली होती. हिशेबाच्या मध्येच आकडा जवळच्या पूर्ण संख्येवर नेऊन ठेवला होता. मोठ्या माणसाला त्याने काही झालं नसतं, पाऊण किलोच्या बाळाला झालं असतं. हीच चूक करू नका म्हणून मास्तरने वर्षानुवर्षं लोकांची डोकी खाल्ली होती.

तिने पानावर विचारलं, "इथे आकडा पूर्ण का केलास?"

हल्ली पाणी मागायचं तर त्याला दोनदा थांबावं लागायचं. उत्तर मात्र लगेच आलं.

"आपल्या विचारपूर्वक प्रश्नाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. या बदलामुळे परिचारिकांना आकडा वाचणे अधिक सुलभ होईल."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला एकदाही धन्यवाद दिले नव्हते. पलीकडच्या खोलीतून कुणी परकाच बोलत होता आणि आपल्या माणसाचा आता पत्ताच नाही, असं वाटून तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून ती उठली आणि घरचा नियम मोडायला त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हे तू नाही लिहिलंस."

त्याने मान हलवली. नाही.

"वाचलंस तरी?"

"वाचलं." तो शब्द शोधत राहिला. "कळलं... नाही."

"आणि तरी पाठवलंस? मी सही केली असती म्हणजे?"

"तू... नसती केलीस."

"मी नसती केली रे! पण आणखी चार जण आहेत सही करणारे. तुझं नाव बघून डोळे झाकून केली असती त्यांनी."

"म्हणून तर." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "म्हणून... तुला."

ती त्याच्या पलंगाच्या कडेवर बसली. जेवताना त्याने कितीदा काही सांगायला तोंड उघडलं होतं, आणि दर वेळी ती घाईने म्हणाली होती, होईल रे सगळं पूर्वीसारखं. तिनेच त्याला बोलू दिलं नव्हतं.

"लिही," तो म्हणाला. "कारण... लिही. सगळ्यांना."

"आज नको."

"नियम."

तिने लॅपटॉप आणून मांडीवर घेतला. 'एआयकडून लिहून घेतलेला कोड. नामंजूर.' एवढंच लिहिताना तिची बोटं तीनदा चुकली. कोड वाचून कळत नाही त्याला दुसऱ्यांच्या कोडवर सही करता येणार नव्हती, म्हणून मग सही करणाऱ्यांची यादी उघडून तिने त्यातलं त्याचं नाव काढलं. तोही एक बदलच होता, त्यालाही दुसऱ्या कुणाची सही लागणार होती.

"उद्या कुणीतरी करेल," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. तिला देववेना, पण तो हात मागे घेईना. शेवटी तिने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. पडद्यावर एकच ओळ होती, खोडलेली, त्याच्या नावाची. तो लगेच सही करेल असं तिला वाटलं. पण त्याने ओळीखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर पुटपुटत, चूक शोधावी तसं ते नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"हे... कळलं," तो म्हणाला, आणि त्याने सही केली.