वेदीचे पाच पाव

"अग्लायाताई, दार उघडा. मी साफ्ता."

"कळलं. शनिवारी सकाळी दुसरं कोण येणार आहे?"

आवाज आला, पण दार काही उघडलं नाही. साफ्ता फाटकाचा खांब धरून उभी राहिली. टेकडीच्या चढाने तिला धाप लागली होती. वाटेत दोनदा कुंपणाला टेकून थांबली, तरी गुडघे कुरकुरतच होते. नोव्हेंबर सुरू झाला होता. गवतावरचं दव रात्रीत गोठलेलं, आणि आलुबुखाराच्या झाडांवर एक पान उरलेलं नव्हतं. सत्तरी उलटलेल्या बाईने अशा सकाळी चुलीपाशी बसून राहावं. पण साफ्ताला बसून चालणार नव्हतं.

उद्या रविवार. चर्चमधल्या उपासनेसाठी वेदीवर पाच पाव लागतात, आणि ते गेली सव्वीस वर्षं साफ्ता भाजत होती. वालेया गावात हे काम विधवेकडे असतं. जिच्याकडे ते असतं तिला एक रीत पाळावी लागते: मनात कुणाविषयी अढी ठेवून पिठाला हात लावायचा नाही. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या दारात जायचं, "मला क्षमा कर" म्हणायचं. त्याने म्हणायचं, "देव तुला क्षमा करो." एवढे चार शब्द पदरात पडले की घरी यायचं आणि कणीक मळायला बसायचं. चूक कुणाची होती, हे ती रीत विचारत नाही.

त्यामुळे झालं असं की चूक कुणाचीही असो, दारात जायची ती साफ्ताच. शेजाऱ्याच्या शेळ्यांनी तिचा कोबी खाल्ला, क्षमा साफ्ताने मागितली. गावातल्या लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की कुणी तिला टाकून बोललं तरी त्याला चिंता नसायची. शनिवारी येईलच ती, म्हणायचे. आणि ती यायचीच. हल्ली मात्र येताना तिला थकवा जाणवायचा. तो थकवा गुडघ्यांचा नव्हता, हे तिचं तिला ठाऊक होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

शेवटी कडी वाजली. अग्लाया दारात आली. साफ्ताच्या नवऱ्याची, तोआदेरची, ही थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, पण अंगाने अजून दणकट. तीस वर्षं शहरात कापडगिरणीत काढून पेन्शनीत निघाल्यावर ही टेकडीवर घर बांधून राहिली होती. जिभेला शहरात जी धार लागली ती मात्र काही बोथट झाली नव्हती.

"पोस्टमन एखादा दिवस चुकेल, तू नाही चुकायचीस," अग्लाया म्हणाली. "बोल."

"मला क्षमा करा, ताई."

"कशाबद्दल?"

साफ्ता गोंधळली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ते... मंगळवारचं."

मंगळवारी दुकानात पाच-सहा बाया होत्या. कुणीतरी म्हणालं, साफ्तासारखी बाई सापडायची नाही, शास्त्रात लिहिलंय तसं जगली. त्यावर अग्लाया साखरेची पिशवी बांधता बांधता म्हणाली, "चांगली कसली? घाबरट आहे. वाईट वागायला छाती लागते, ती हिच्याजवळ कधी नव्हतीच." सगळ्या हसल्या. साफ्ताही हसली. घरी आल्यावर तिला जे टोचत राहिलं ते अग्लायाचं बोलणं नव्हतं, आपलं हसणं होतं.

"मंगळवारी बोलले मी," अग्लाया म्हणाली. "तू तर दात काढून हसत होतीस. मग क्षमा तू कसली मागतेस?"

"रीत आहे ताई. तुम्ही आपलं म्हणा. मला कणीक मळायचीय."

"नाही म्हणत. आधी सांग, राग आलाय ना माझा?"

"नाही आला."

"बघ. वेदीचे पाव करायच्या दिवशी खोटं बोलतेस."

साफ्ताने फाटकावरचा हात काढला. वळून चालू लागावं असं तिला वाटलं, आणि ती वळलीही. मग काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. ती परत फिरली.

"आला," ती म्हणाली. "आला राग. आज नाही आला, फार वर्षांपूर्वी आला. तुमची आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला उचललं मी, पुसलं मी, घास भरवला मी. तुम्ही दर नाताळाला शहरातून साबणाची वडी पाठवायचात. एक वडी. वासाची. आणि आई ती उशाशी ठेवून येईल त्याला सांगायची, माझ्या अग्लायाचं बघा किती लक्ष आहे माझ्याकडे. नऊ वर्षं ते ऐकत मी तिच्या गोधड्या धुतल्या. मी पळून गेले नाही. आणि तुम्ही चारचौघींत मला घाबरट म्हणता?"

अग्लायाचा चेहरा एकदम उतरला. तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

उतार उतरताना साफ्ताला चर्चचं पत्र्याचं छप्पर खाली दिसत होतं. घरी येऊन तिने हात धुतले, पांढरा रुमाल डोक्याला बांधला, येशूच्या तसबिरीपुढचा दिवा लावला. पीठ कालच चाळून ठेवलं होतं. आंबवण वर आलं होतं. पावावर उठवायचा लाकडी शिक्का स्वच्छ फडक्यातून काढून तिने टेबलावर ठेवला. प्रार्थना म्हटली. मग परातीकडे हात नेला आणि तिथेच थांबवला.

परत वर जावं? जाऊन काय म्हणायचं? बोलले त्याचं वाईट वाटतंय, असं म्हणावं लागलं असतं. आणि वाईट तर वाटत नव्हतं. उलट, पुन्हा वेळ आली तर ती ते पुन्हा बोलली असती, एखादं वाक्य वाढवूनच.

ती बाकावर बसली. शास्त्रात सांगितलंय, अन्नवस्त्र मिळालं की तेवढ्यात समाधान मानावं. ते साफ्ताला कधी जड गेलंच नाही. दोन खोल्या, एक चूल, एक शेळी. इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करणारी तिची मुलगी मार्चेला दर फोनवर म्हणायची, "आई, निदान मोरीला फरशा तरी लावू दे." साफ्ता म्हणायची, राहू दे ग, मला काय कमी आहे? आणि ते खरंच असायचं. वस्तूंच्या बाबतीत समाधान सोपं होतं. माणसांच्या बाबतीत ती आजवर समाधानी होती की नुसती गप्प होती, हे मात्र आज तिला सांगता येईना.

दुपारी तिने फादर गाव्रिलना फोन लावला.

फादर तिच्या मुलीहूनही लहान. तीन गावांची चर्चं त्यांच्या गळ्यात, आणि त्यांच्या पंथात पाद्री संसारी असतात, त्यामुळे घरी तान्हं बाळ. गाडी दारात उभी करून ते घाईघाईने आत आले.

"काय झालं आजी? बरं वाटत नाही का?"

"तब्येतीला काही झालं नाही, फादर. मन स्वच्छ नाही. उद्याचे पाव माझ्याच्याने व्हायचे नाहीत."

तिने सगळं सांगितलं, साबणाच्या वडीसकट. फादरनी डोळे चोळले.

"आजी, एवढं काटेकोर आता कोण बघतं? मी तुमच्यासाठी प्रार्थना म्हणतो, तुम्ही मळायला घ्या. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

"नणंदा-भावजयांची भांडणं कुठे होत नाहीत?"

"होतात. पण त्या सगळ्याजणी वेदीचे पाव नाही भाजत."

फादर थोडा वेळ टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तालुक्याच्या गावी मठाचं दुकान आहे. जाऊन येतो." ते चिडले असते तर साफ्ताला बरं वाटलं असतं. ते नुसतेच दमलेले दिसले. गाडी गेल्यावर तिने आंबलेल्या पिठाची साधी भाकरी थापून चुलीवर टाकली. टाकून देणं तिला जमलं नसतं.

रविवारी ती नेहमीच्या जागी, डाव्या बाजूच्या खांबापाशी उभी राहिली. गावात बातमी पोचली होतीच. बाया तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. अग्लाया आली नव्हती. एरवी शेजाऱ्याच्या गाडीतून ती न चुकता यायची. उपासना झाल्यावर उरलेल्या पावाचे तुकडे उपाशीपोटी खायला सगळ्यांना वाटतात, तसे फादरनी वाटले. साफ्ताने तुकडा हातात घेतला. कडा कशा रेखीव, रंग सगळीकडे सारखा. तिच्या पावांना एका अंगाला नेहमी जरा जास्त डाग पडायचा, चूलच तशी होती.

फादरनी तिला दाराशी गाठलं.

"आजी, पाव चांगले निघाले. बर्फाच्या पेटीत महिनोन्‌महिने टिकतात म्हणे. एकदम आणून ठेवता येतील." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही खूप केलंत. आता आराम करा. ईस्टरला वगैरे मी सांगेनच तुम्हाला."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. साफ्ता म्हणाली, "बरं, फादर." तुकडा तिने तोंडात घातला नाही, रुमालात बांधला. वाटेत तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण तेवढीही ताकद उरली नव्हती.

घरी येऊन तिने बीटाचं आंबट सार उकळत ठेवलं, पण जेवावंसं वाटेना. दोनच्या सुमाराला फाटक वाजलं. खिडकीतून बघते तर अग्लाया. गाडी नव्हती, सोबत कुणी नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून जी बाई गाडीशिवाय टेकडी उतरली नव्हती, ती काठी टेकत टेकत चालत आली होती. बुटांना चिखल लागला होता. ओठ निळसर पडले होते.

"आत या ताई. बसा आधी."

"बसत नाही." अग्लाया उंबऱ्यातच उभी राहिली. दम खाल्ला. "मला क्षमा कर, साफ्ता."

साफ्ताने तोंड उघडलं आणि सवयीने तिच्या तोंडून निघालं, "मला क्षमा करा, ताई."

"अग तसं नाही. आज मी मागतेय. तू द्यायचीस."

सव्वीस वर्षं. किती दारं, किती शनिवार. ते चार शब्द तिने शेकडो वेळा ऐकले होते, पण स्वतः एकदाही उच्चारले नव्हते. उच्चारायची वेळच कुणी आणली नव्हती. आता ते तिला सुचेनात. अग्लाया उंबऱ्यात काठीवर भार देऊन थांबली होती, आणि तिला उभं राहणं कठीण जात होतं हे दिसत होतं.

"देव," साफ्ता म्हणाली. मग थांबून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "देव तुम्हाला क्षमा करो."

अग्लाया आत येऊन बाकावर बसली. सार उकळत होतं.

"ती साबणाची वडी," अग्लाया म्हणाली. "तेवढ्याने भागत नाही हे मला कळत होतं. आले असते तर राहावं लागलं असतं. ती छाती माझ्यात नव्हती." तिने काठी भिंतीला टेकवली. "काय केलंस त्या वड्यांचं?"

"सगळ्या आईच्या उशाखाली होत्या. तिने एकही वापरू दिली नाही. मग ती गेली तेव्हा एक काढली. तिला शेवटचं न्हाऊ घालायला."

अग्लायाने मान खाली घातली आणि हातमोजे काढायला घेतले. ते काढायला तिला फार वेळ लागला. साफ्ता तिच्याकडे न बघता ताटल्या पुसत राहिली.

"आता पुढच्या शनिवारी मळायला हरकत नाही तुला," शेवटी अग्लाया म्हणाली.

"पुढच्या शनिवारी नाही. आता दुकानातले पाव येणार. फादर म्हणाले, आराम करा."

"माझ्यामुळे."

"नाही. मळायचं नाही असं ठरवलं ते मी."

साफ्ताने रुमाल सोडला. तुकडा टेबलावर ठेवून तिने त्याचे दोन भाग केले. "सकाळपासून मी काही खाल्लं नाहीय," ती म्हणाली. "तुम्ही?"

"माझ्याही घशाखाली काही उतरलं नाही."

दोघींनी क्रूसाची खूण केली आणि आपापला तुकडा तोंडात घातला. अग्लाया सावकाश चावत राहिली.

"मीठ नाही यात."

"आहे. कमी आहे."

"तुझा बरा असायचा." अग्लायाने घास गिळला. "हे कधी बोलले नव्हते, ते आज बोलते. मग शनिवारी काय करशील?"

"येईन वर चढून."

"क्षमा मागायला?"

"नाही," साफ्ता म्हणाली. "बसायला."

शिक्का अजून कालच्या जागीच पडला होता. साफ्ताने तो फडक्यात गुंडाळला आणि तसबिरीमागच्या कोनाड्यात ठेवला. मग रुमालावर उरलेले पावाचे कण तिने बोटाने एकेक टिपून तोंडात घातले, एकही खाली पडू दिला नाही, आणि दोन वाडग्यांत सार वाढायला उठली.