पिवळ्या पाण्यातली पिशवी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर चमत्कारी बाबांसमोर काचेच्या मोठ्या भांड्यात पिवळसर पाणी. किडनीच्या रोग्याने दुधाळ पाण्याची एक पातळ प्लास्टिकची पिशवी पाठीला लावून धरायची, मग त्या भांड्यात सोडायची. पुढे अर्धा तास बाबा बोलत. शरीरातलं विष आता पिशवीत उतरलंय, मशीनला वर्षानुवर्षं जमत नाही ते श्रद्धेला अर्ध्या तासात जमतं, वगैरे. बोलणं संपेपर्यंत पिशवी काळीनिळी होई आणि लोक हात जोडत.

माझ्या आईनेही जोडले होते. "बघ, सगळं निघालं," म्हणाली आणि तिने डायलिसिस सोडलं. मी डायलिसिसचीच तंत्रज्ञ. परक्यांनी माझं ऐकलं, तिने नाही. नवव्या दिवशी ती गेली.

आज पिशवी घेऊन शिंपीकाका उभे होते. चार वाजता त्यांची माझ्याकडे डायलिसिसची पाळी होती. त्यांच्याआधी मीच मंचावर चढले. घरून भरून आणलेली पिशवी रिकाम्या खुर्चीच्या पाठीला लावली आणि भांड्यात सोडली.

"खुर्चीला काय झालंय, पोरी?" बाबा हसले. लोकही हसले.

"तुमचं पाणीच सांगेल."

बाबांना एकाएकी दुसरीकडे जायचं आठवलं. मी वाट अडवली.

"अर्धा तास बसा. माझी आई बसली होती."

पिशवी काळी पडली. खुर्चीच्याही किडन्या गेल्या वाटतं, असं मागून कुणीतरी म्हणालं. या वेळी बाबा हसले नाहीत.

मग मी सांगितलं. भांड्यात आयोडीन आहे. बाबांची पिवळी बोटं पाहूनच मला शंका आली होती. माझ्या पिशवीत कॉर्नफ्लोअर कालवलेलं पाणी, बाबांच्या पिशवीतही तेच. आयोडीनचे कण बारीक, ते प्लास्टिकमधून आत झिरपतात. कॉर्नफ्लोअरमधल्या स्टार्चचे कण मोठे, त्यांना बाहेर येता येत नाही. आत दोघांची गाठ पडली की काळानिळा रंग येतो. म्हणून भांडं पिवळंच राहतं. पिशवीत आलं ते भांड्यातून, तुमच्या शरीरातून नाही. माझ्या मशीनमध्येही असाच निवड करणारा पडदा असतो. रक्तातली घाण तो जाऊ देतो, रक्तपेशी अडवतो. फक्त तिथे रक्त खरोखर त्या पडद्यापाशी येतं.

बाबा हळूच म्हणाले, "माफ कर, बाई."

"माफ करणं आईच्या हातात होतं," मी म्हटलं आणि भांडं, दोन्ही पिशव्या, बाबा असं सगळं आधीच बोलावून ठेवलेल्या पोलिसांच्या ताब्यात दिलं. मला त्याचं समाधान वाटलं. ते मी लपवणार नाही.

चार वाजता शिंपीकाका आले. आई डायलिसिस घ्यायची त्याच खाटेवर मी त्यांना मशीन लावलं.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तो एकदा खुर्चीवर करून पाहा.