घरात खोकला कुनाला हाय?

माज्या बापाला तलवाड्यात समदे भय्या म्हनतेत. बिहारातून आला, पाणीपुरीचा गाडा लावला, हितंच म्हातारा झाला, पन त्येचं नाव रामसेवक हाय हे इचारायची कुनाला गरज पडली न्हाई. बापानं मातर शानपना केला. मी जलमलो तवा माजं नाव ठिवलं अजिनाथ. म्हनला, हिकडच्या देवाचं नाव लावलं की पोराला परकं कोन म्हनंल? अन् खरंच कोन म्हनत न्हाई. मी हितल्या साळंत शिकलो, हितल्या पोरांच्या शिव्या खाल्ल्या अन् दिल्या बी. माजी पोरगी संस्कृती तर माज्याबी फुडं. सात वर्साची हाय, तिला आज्याच्या बोलीत पानी बी मागता येत न्हाई.

बायको तेवडी तिकडची. मंजू. लग्न झाल्यापसून चार मानसांत तिनं तोंड उघडलं न्हाई, म्हनून मी धरून चाललो व्हतो का तिला मराठी येतच न्हाई. पोरीसंगं कोन्त्या बोलीत बोलती, ह्ये मी कवा कान दिऊन ऐकलंच न्हाई.

आमचा गाडा उभा ऱ्हातो ती जागा उत्तरेश्वरबप्पाची. मानूस लई मोठ्या मनाचा. त्येची नात अन् माजी पोरगी एका ताटात जेवत्यात, कवाकवा आमच्याच घरी एका गोधडीत झोपत्यात. सनाला पुरनाची पोळी आदी आमच्याकडं यिती, मग भावकीत जाती. आता ह्याच्याहून आपलं म्हननं काय असतंय?

मागच्या दिवाळीत बापाला खोकला लागला. वाटलं तेलाचा धूर बसला असंल. मग थुकीत रगत दिसलं. मी म्हनलो, "बाबूजी, दवाखान्यात चला."

"येडा झाला का बे?" बाप म्हनला. "दवाखान्याची बाई घरी यील, गल्लीत इचारीत फिरंल. असल्या घरची पाणीपुरी कोन खाईल?"

खरं सांगू का, मला तेच ऐकायचं व्हतं. मी गाडा हातात घेतला, बापाला घरात बसवला अन् गावाला सांगितलं, गुडघे धरलेत. संस्कृती आज्याच्याच कुशीत झोपायची. मंजू तिला उचलून हिकडं आनायची, पोरगी परत तिकडं पळायची. मी बघायचो अन् कड पालटायचो.

मग पोरीला ताप आला. गोळ्या दिल्या, उतरंना. वकायला लागली, डोकं धरून रडायला लागली. एक दिवस साळंसाठी उठवाया गेलो तर डोळं उघडंना, मान काठीवानी ताठ. बप्पा बोलावल्याबिगर जीप घिऊन दारात आला. पोरीला त्येनंच उचललं. बीडपतुर हारनवरचा हात काडला न्हाई त्या मानसानं.

दवाखान्यात डॉक्टरीनबाई तरनी व्हती. तिनं पोरीची मान वाकवून पाह्यली, डोळ्यांत बॅटरी मारली अन् इचारलं, "घरात कुणाला जुना खोकला आहे? टीबी?"

बप्पा माज्या शेजारी, त्येचा हात माज्या खांद्यावर.

"न्हाई," मी म्हनलो.

मंजूनं पदराआडून हळूच तिकडच्या बोलीत खरं सांगितलं, "बाबूजी के खोंखी बा."

"काय म्हणतायत त्या?"

"कुनालाच न्हाई म्हनती."

बाई माज्याकडं बघतच ऱ्हायली. "नीट आठवा. मेंदूला सूज आलीय. टीबीची असेल तर औषध आत्ताच सुरू करावं लागेल. चुकलं तर पोर हातची जाईल."

पोरगी फुडं पडलेली, अन् मला काय दिसत व्हतं? गाडा. गावातली तोंडं. बप्पाच्या हाताचं वजन खांद्यावरून उतरल्यालं. थू माज्या जिनगानीवर.

मंजूनं पदर मागं सारला. "ह्ये खोटं बोलायलेत, बाई. माज्या सासऱ्याला लई दिस झाले खोकला हाय. रगत पडतंय. पोरगी त्येच्याच जवळ झोपती."

अस्सल तलवाड्याची मराठी. पोरीचं ऐकून ऐकून शिकली असंल. मी तिच्या तोंडाकडं बघाया गेलो, बघवंना.

बाईनं मला एक शब्द इचारला न्हाई. सिस्टरला हाक मारली, सलाईन लागलं, सुई टोचली. म्हनली, "फार उशीर केलात. आता शुद्धीवर येते का बघू. आजोबांना उद्याच आणा, औषध फुकट आहे, बरे होतील."

बप्पा भाईर गेलता. मी मागं गेलो. त्यो फोनवर सुनंला इचारत व्हता, नातीला ताप हाय का, राती खोकली का. फोन ठिवून माज्याकडं वळला.

"मला सांगाया काय झालतं बे? तुज्या बापाला पाठीवर घिऊन आलो असतो मी."

"सांगितलं असतं तर गाडा ठिवू दिला असता का, बप्पा?"

बप्पा खोटं बोलनारा मानूस न्हाई. त्येनं खिशातून चावी काडली, म्हनला नातीला तपासाया आनतो, अन् जीप घिऊन गेला.

मी बापाला फोन लावला.

"पोरगी?"

"डोळं उघडलं न्हाई."

"सांगितलं का डॉक्टरला?"

"मंजूनं सांगितलं. बप्पा तितंच व्हता."

बाप म्हनला, "बरं केलं सूनबाईनं."

"तुमाला उद्या हिकडं आनायचं हाय. औषध फुकट हाय, बरं व्हतंय म्हनली बाई."

"न्हाई रे. मी गावाकडं जातो. मी नसलो की लोक इसरतील. तू गाडा लाव."

"बाबूजी, तितं कोन हाय आपलं?"

"अन् हितं?"

मी फोन घिऊन दाराशी गेलो. आत मंजू पोरीला हाका मारीत व्हती, ऊठ गं बाई, ऊठ गं माजे. मराठीतच मारीत व्हती. पोरीला दुसरं काय कळतच न्हाई.